न दिसणाऱ्या द्रव्याच्या मागावर होमी भाभा

संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीत दादर स्थानकाच्या पुलावर उभ्या असलेल्या माणसाने तळहात आडवा धरला, तर दर मिनिटाला शंभराच्या आसपास कण त्यातून आरपार जातात. ते दिसत नाहीत, टोचत नाहीत. लालबागच्या चाळीचे कौल, परळच्या टॉवरचे वीस स्लॅब, गिरगावातल्या वाड्यांच्या जाड भिंती यांपैकी काहीही त्यांना पुरते अडवू शकत नाही. या कणांना म्युऑन म्हणतात. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांत हवेच्या अणूंवर आदळतात आणि त्या आदळण्यातून हे कण जन्मतात. आरोग्याच्या दृष्टीने घाबरण्यासारखे त्यात काही नाही. समुद्रसपाटीला राहणाऱ्या माणसाला विश्वकिरणांतून वर्षाकाठी ०.३ मिलिसिव्हर्टच्या आसपास किरणोत्सार मिळतो. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये याच्या कितीतरी पट अधिक मिळतो.

कोडे वेगळेच होते. स्थिर म्युऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाचा सुमारे साडेचार लाखावा भाग असते. प्रकाशाच्या वेगाने धावला, तरी एवढ्या वेळात तो जेमतेम ६६० मीटर जाईल. प्रत्यक्षात तो पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मतो आणि तरीही दादरच्या पुलापर्यंत पोहोचतो. वेगवान कणाचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या मानाने मंद चालते, म्हणून असे कण अपेक्षेपेक्षा जास्त जगलेले दिसतील, हे १९३८ मध्ये ज्याने छापून मांडले तो २८ वर्षांचा तरुण मुंबईचाच होता. त्याचे नाव होमी जहांगीर भाभा.

भाभा म्हटले की बहुतेकांना ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्या आठवतात, फार तर विमान अपघात. पहिल्या पंधरा-वीस वर्षांतले भाभा या सगळ्याखाली दबून गेले आहेत. ते भाभा आकाशातून येणाऱ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या द्रव्याच्या मागावर होते. विश्वात आपल्या द्रव्याची आरशातली जोडी लपलेली आहे का, हा प्रश्न आज खगोलशास्त्रज्ञ गंभीरपणे विचारतात. त्या शोधाच्या वाटेवरचे काही महत्त्वाचे टप्पे भाभांच्या आयुष्यातून गेलेले आहेत.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर बॅरिस्टर होते. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते आणि आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात पुस्तकांचा आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचा मोठा संग्रह होता. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असे त्यांचे शिक्षण दक्षिण मुंबईच्या दोन-तीन किलोमीटरच्या टापूतच झाले. सापेक्षता सिद्धांत त्यांनी शाळकरी वयातच वाचून काढला होता. घरच्यांचा बेत मात्र वेगळा होता. मुलाने केंब्रिजला जाऊन यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असे वडिलांनी आणि टाटांनी ठरवले होते.

१९२७ मध्ये ते केंब्रिजच्या कीज कॉलेजात दाखल झाले आणि वर्षभरात त्यांनी वडिलांना स्पष्ट लिहिले की आपला जीव भौतिकशास्त्रात आहे, यंत्रांत नाही. वडिलांनी चिडून पैसे बंद केले नाहीत की लगेच मानही डोलावली नाही. अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी आणखी दोन वर्षे राहा, असा सौदा ठरला. भाभांनी १९३० मध्ये अभियांत्रिकीत आणि १९३२ मध्ये गणितात पहिला वर्ग मिळवला. अभियांत्रिकीची ती वर्षे फुकट गेली असे म्हणता येणार नाही. पुढे इमारती, यंत्रे आणि प्रयोगशाळा उभारताना कागदावरचा आराखडा वाचणारा हा सिद्धांतवादी अनेक ठेकेदारांना भारी पडला असणार.

त्या काळचे केंब्रिज म्हणजे पॉल डिरॅक यांचे केंब्रिज. डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचे जे समीकरण मांडले, त्याला दोन प्रकारची उत्तरे येत होती. वर्ग चार असलेली संख्या कोणती, असे विचारले तर अधिक दोन आणि वजा दोन अशी दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात. व्यवहारात आपण वजा उत्तर खोडून टाकतो. डिरॅक यांनी ते खोडले नाही. इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा, पण उलट विद्युतभाराचा कण निसर्गात असला पाहिजे, असे त्यांनी १९३१ मध्ये म्हटले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन यांनी विश्वकिरणांचे फोटो काढताना तो कण पकडला. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनची रेघ एका बाजूला वळते, या कणाची रेघ बरोबर उलट्या बाजूला वळली होती. त्याचे नाव पॉझिट्रॉन पडले. गणितातल्या आरशात दिसलेले प्रतिबिंब खरोखरच अस्तित्वात निघाले होते.

भाभांनी संशोधन सुरू केले ते नेमके या वेळी. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी घेतला. कॅरमच्या सोंगट्या एकमेकींवर आपटून बाजूला होतात, तसे हे दोन कण एकमेकांना ढकलून किंवा ओढून वळतील, ही एक शक्यता. पण बिंब आणि प्रतिबिंब भेटले की दोघेही नाहीसे होऊन निव्वळ ऊर्जा उरते, आणि त्या ऊर्जेतून पुन्हा तशीच नवी जोडी जन्मू शकते. म्हणजे दोन सोंगट्या बोर्डाच्या मध्यावर विरघळून जाव्यात आणि तिथूनच दोन नव्या बाहेर पडाव्यात, तसे. बाहेर आलेली जोडी जुनी की नवी हे ओळखण्याचा काहीच मार्ग नसतो, म्हणून हिशेबात दोन्ही शक्यता एकत्र धराव्या लागतात. भाभांनी १९३५ मध्ये हा हिशेब पुरा केला. त्याला आज जगभर भाभा विकिरण म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रांत एकूण किती टकरी झाल्या, हे मोजायला आजही हेच सूत्र वापरतात. जिनिव्हाजवळच्या लेप या महाकाय यंत्रातही १९८९ पासून ते बंद होईपर्यंत हेच मोजमाप चालू होते.

दोन वर्षांनी जर्मनीतून निर्वासित होऊन आलेल्या वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी दुसरे कोडे सोडवले. विश्वकिरणांच्या फोटोंत एकाच जागेतून डझनावारी रेघा फुटलेल्या दिसत. भाभा आणि हाइटलर यांनी दाखवले की त्यामागे कुठलाही नवा चमत्कार नाही. वेगवान इलेक्ट्रॉन प्रकाशकण सोडतो, तो प्रकाशकण इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्माला घालतो, ती जोडी पुन्हा प्रकाशकण सोडते. एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढत जाऊन कणांची सर कोसळते आणि ऊर्जा संपत आली की ओसरते.

पण या सरीतही काही कण ओसरत नव्हते. शिशाचे जाड ठोकळे पार करून ते पलीकडे निघत. डिरॅक यांचा सिद्धांतच उच्च ऊर्जेला कोलमडतो, असे त्या वेळी अनेकांना वाटू लागले होते. सिद्धांत बरोबर आहे आणि कणच वेगळा आहे, तो इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलका असावा, असे मानले तर कोडे सुटते, हे भाभांनी आकडेमोडीने दाखवले. हाच आजचा म्युऑन. न दिसणाऱ्या गोष्टीबाबत दरवेळी हाच पेच पडतो. हिशेब जुळला नाही की एक तर आपला नियम चुकलेला असतो किंवा आपल्याला न दिसणारे काहीतरी तिथे असते. दोन्हींपैकी काय मानायचे, याचा कौल फक्त पुरावा देऊ शकतो, आणि तो यायला कधी कधी आयुष्य जाते.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी मुंबईला आले, सप्टेंबरमध्ये युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. सर सी. व्ही. रामन यांच्या आग्रहाने ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तिथे त्यांनी विश्वकिरणांचा विभाग उघडला. सिद्धांत मांडणारा माणूस आता मोजमापाची उपकरणे बनवून घेऊ लागला. युद्धाच्या शेवटी अमेरिकी लष्करी विमानांतून ती उपकरणे उंच नेऊन त्यांनी म्युऑन मोजले. भारत विषुववृत्ताजवळ असल्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र इथे कमी ऊर्जेचे विश्वकिरण परतवून लावते, म्हणून इथली मोजमापे युरोप-अमेरिकेला हवी होती. १९४१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्ध संपल्यावर केंब्रिजला परत जाण्याचा रस्ता मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याची योजना मांडली. देशात अणुऊर्जा वापरात येईल तेव्हा तज्ज्ञांसाठी परदेशाकडे हात पसरावे लागू नयेत, हा त्या पत्राचा गाभा होता. तेव्हा हिरोशिमावर बॉम्ब पडायला सव्वा वर्षाहून अधिक काळ बाकी होता. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला आली. जागा होती पेडर रोडवरचा केनिलवर्थ हा बंगला. तो त्यांच्या आत्याचा होता आणि भाभांचा जन्म याच घरातला. अर्ध्या घरात, सहा हजार चौरस फुटांत, देशातल्या अणुविज्ञानाचा संसार मांडला गेला.

सुरुवातीच्या मंडळींत दामोदर धर्मानंद कोसंबी होते. मूळ गोव्याचे हे गणिती पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला येत आणि परत जात. गाडीतला वेळ नाण्यांच्या आणि इतिहासाच्या अभ्यासाला उपयोगी पडे. भाभा आणि कोसंबी यांचे पुढे बिनसले. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा भारताला अधिक परवडेल, असे कोसंबी उघडपणे मांडत. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. भाभांच्या कारकिर्दीत माणसे हेरण्याच्या अनेक सुरस कथा आहेत. ही त्यांतली नाही.

१९४९ मध्ये संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. त्याच वर्षी बिभा चौधुरी संस्थेत आल्या. तिथल्या त्या पहिल्या महिला संशोधक. देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोच्या काचा ठेवून मेसॉन कणांच्या खुणा टिपल्या होत्या. युद्धामुळे अधिक चांगल्या काचा मिळाल्या नाहीत आणि काम अर्धवट राहिले. त्याच पद्धतीचा विकास करून पायॉन शोधल्याबद्दल सेसिल पॉवेल यांना १९५० मध्ये नोबेल मिळाले. २०१९ मध्ये एका दूरच्या ताऱ्याला बिभा हे नाव देण्यात आले. मुंबईत त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही.

भाभांच्या विश्वकिरण संशोधनाला सर्वांत मोठे फळ आले ते मुंबईपासून दूर, कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींत. १९५१ मध्ये त्यांनी बी. व्ही. श्रीकंठन या तरुणाला तिथे धाडले. खाण खोल तसा वरचा खडक जाड, आणि खडक जितका जाड तितके म्युऑन कमी. कोणत्या खोलीवर किती म्युऑन उरतात, हे मोजायचे होते. कोलारची चॅम्पियन रीफ ही जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक होती. खाली खडक तापलेला, हवा दमट, आणि दाबामुळे खडक अचानक फुटण्याचा धोका कायमचा. कामगारांच्या पाळ्यांबरोबर पिंजऱ्यात बसून संशोधक खाली उतरत.

वर्षागणिक उपकरणे अधिक खोल नेली गेली. १९६० च्या सुमारास ती २,७६० मीटर खोलीवर पोहोचली. तिथे दोन महिने मोजणी चालू ठेवली आणि एकही म्युऑन नोंदला गेला नाही. निष्फळ प्रयोगाचा शेरा मारून फाइल बंद करता आली असती. श्रीकंठन, एम. जी. के. मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शून्याचा अर्थ वेगळा लावला. इतकी शांत जागा पृथ्वीवर दुर्मीळ आहे. वरून येणारा गलबला इथे पोहोचत नाही, तेव्हा इथे एखादी टिकटिक झालीच तर ती अशा कशाची तरी असणार ज्याला खडकाची पर्वाच नाही. ती वस्तू म्हणजे न्यूट्रिनो.

न्यूट्रिनो हा द्रव्याशी जवळपास बोलतच नाही. अब्जावधी न्यूट्रिनो दर सेकंदाला प्रत्येकाच्या अंगातून जातात, अख्ख्या पृथ्वीतूनही जातात. त्यांतला क्वचित एखादा खडकातल्या अणूवर आपटतो आणि त्यातून म्युऑन बाहेर पडतो. कोलारला सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर कण गेल्यावर चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या दोन भिंती समोरासमोर उभ्या करण्यात आल्या आणि मध्ये निऑनच्या नळ्या रचल्या. युक्ती साधी होती. वरून आलेला कण वातावरणातला म्युऑन असू शकतो. पण आडवा आलेला कण? त्या दिशेला कित्येक किलोमीटरचा घन खडक आहे, तो पार करून कोणताही म्युऑन येऊ शकत नाही. तेव्हा आडवी रेघ म्हणजे न्यूट्रिनोची खूण. मुंबईची संस्था, जपानमधले ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधले डरहॅम विद्यापीठ यांच्या गटाने १९६५ मध्ये अशा खुणा पकडल्या आणि १५ ऑगस्टच्या अंकात शोधनिबंध छापून आला. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक रेनेस यांचा गट हेच करत होता. त्यांना पहिली खूण आधी मिळाली होती, त्यांचा निबंध दोन आठवड्यांनी आला. वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो माणसाने पहिल्यांदा पकडले ते या दोन खाणींत.

यात भाभांचा हात किती, असा प्रश्न रास्त आहे. १९४८ पासून ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, १९५४ पासून अणुऊर्जा खात्याचे सचिवही. पन्नाशीच्या दशकात त्यांचे स्वतःचे शोधनिबंध आटत गेले. केंब्रिजमधल्या त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी यात एक मोठा सिद्धांतवादी गमावला असे मानले, तर ते चूक म्हणता येणार नाही. पण १९५१ साली एका नवख्या संशोधकाला खाणीत पाठवणारा, आणि त्या कामातून सोने निघणार नाही की वीजही निघणार नाही हे माहीत असून पंधरा वर्षे पैसे पुरवणारा माणूस तोच होता. जमवाजमवीचा हा उद्योग त्यांना आवडत असावा. कुलाब्याच्या टोकाला समुद्रालगत संस्थेची नवी इमारत उभी राहिली, १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले, आणि तिच्या भिंतींवर लावायच्या चित्रांपासून बागेतल्या झाडांपर्यंत सगळे भाभांनी जातीने पाहिले. दिवाणखान्यातले हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र त्याच काळातले.

त्याच वर्षी त्यांनी परदेशात असलेल्या गोविंद स्वरूप यांना तार करून रेडिओ खगोलशास्त्राचा गट काढायला बोलावून घेतले. ऑस्ट्रेलियातून आलेल्या सहा फुटी बत्तीस तबकड्या स्वरूप यांनी मुंबईजवळ कल्याणला मांडल्या आणि १९६५ मध्ये त्या सूर्याकडे रोखल्या गेल्या. तिथून सुरू झालेली वाट उटीमार्गे पुणे जिल्ह्यातल्या खोडदपर्यंत आली. तिथे आज प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला बैठकीसाठी निघालेले भाभा एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानातून जिनिव्हाकडे जात होते. विमान माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. ११७ जणांपैकी कुणी वाचले नाही. भाभा ५६ वर्षांचे होते. घातपाताच्या कहाण्या अजून अधूनमधून डोके वर काढतात. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा होता की विमान डोंगराच्या नेमके कुठे आहे, याबाबत वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात गैरसमज झाला.

भाभा गेले त्याच वर्षी सोव्हिएत संघातल्या कोबझारेव, ओकुन आणि पोमेरान्चुक या तिघांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याची मुळे दहा वर्षे मागे होती. १९५६ मध्ये ली आणि यांग या चिनी वंशाच्या शास्त्रज्ञांनी शंका काढली की निसर्ग डावे-उजवे यांत भेदभाव करत असावा. चिएन-शिउंग वू यांच्या प्रयोगाने ती पुढच्याच वर्षी खरी ठरली. सर्वांत ठळक पक्षपाती निघाला न्यूट्रिनो, तोच कोलारच्या खाणीतला. तो नेहमी डावखुरा सापडतो. आरशात पाहिले तर उजवा न्यूट्रिनो दिसायला हवा, पण तसा निसर्गात आढळत नाही. मग समतोल साधायचा कसा? ली आणि यांग यांनीच एक वाट सुचवली होती. आपल्या प्रत्येक कणाला डावे-उजवे उलटलेला एक जोडीदार असू शकतो. सोव्हिएत तिघांनी हिशेब करून दाखवले की असे जोडीदार आपल्या कणांशी जवळजवळ केवळ गुरुत्वाकर्षणानेच बोलतील. त्यांचा प्रकाशही निराळा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. हेच दर्पणद्रव्य.

इथे एक गफलत टाळायला हवी. भाभांनी अभ्यासलेला पॉझिट्रॉन हे प्रतिद्रव्य. ते आपल्या द्रव्याला भेटले की दोघांचा स्फोट होतो, म्हणून ते लपून राहूच शकत नाही. रुग्णालयातल्या पेट स्कॅनमध्ये पॉझिट्रॉन रोज वापरले जातात. दर्पणद्रव्य आपल्या द्रव्यातून निमूट आरपार जाईल. त्याचे अणू असतील, तारेही असतील, पण एखादा दर्पणतारा समोर असला तरी आकाश काळेच दिसेल.

मग शोधायचे कसे? एकच धागा हाती आहे, तो म्हणजे वजन. दीर्घिका ज्या वेगाने फिरतात, तो वेग त्यांतल्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनात बसत नाही. दिसत नसलेले हे अधिकचे वजन म्हणजे कृष्णद्रव्य. दिसणाऱ्या द्रव्याच्या ते सुमारे पाचपट भरते. दर्पणद्रव्य हा त्याचा एक उमेदवार. खोडदची दुर्बीण हायड्रोजन वायूच्या २१ सेंटीमीटरच्या लहरी पकडून छोट्या दीर्घिकांचे असे वजन करते. दुसरी युक्ती गुरुत्वीय भिंगाची. न दिसणारा तारा एखाद्या दूरच्या ताऱ्यासमोरून सरकला, तर मागचा तारा काही दिवस अधिक तेजस्वी दिसतो. १९९० च्या दशकात मोठ्या मॅगेलन मेघातले लाखो तारे वर्षानुवर्षे असे न्याहाळले गेले. थोड्या घटना मिळाल्या, पण सगळे लपलेले वजन भरून काढायला त्या पुरेशा नव्हत्या. दोन दीर्घिकासमूहांच्या टकरीतही लपलेले वजन बरेचसे न अडखळता पुढे निघून गेलेले दिसते. ते दर्पणवायूच्या रूपात असते तर आपल्या वायूसारखेच मागे रखडले असते, त्यामुळे या कल्पनेला तिथे बरीच मुरड घालावी लागते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची जी वेधशाळा उभारायची आहे, तिला प्रकाशाची गरज नाही. वजनदार वस्तू एकमेकींभोवती फिरत कोसळल्या की ती ऐकू शकते, त्या कोणत्याही द्रव्याच्या असोत. आजवर दर्पणद्रव्याचा एकही निर्विवाद पुरावा मिळालेला नाही.

कोलारमध्ये मात्र एक गाठ सुटायची राहिली. भाभांनंतर तिथला प्रयोग चालूच होता. १९७५ मध्ये त्याच गटाने काही विचित्र घटना जाहीर केल्या. उपकरणात एकाच बिंदूतून दोन-तीन रेघा फुटलेल्या दिसल्या, आणि तो बिंदू ना खडकात होता ना उपकरणात. तो मधल्या मोकळ्या हवेत होता. काहीतरी तिथपर्यंत न दिसता आले आणि हवेतच फुटले, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. ज्ञात कणांत बसेल असे काही सापडले नाही. घटना मोजक्या होत्या, संख्याशास्त्राला पुरे पडणाऱ्या नव्हत्या, म्हणून दावा मोठा करता येईना. २०१४ मध्ये चेन्नईच्या मूर्ती आणि राजशेखरन या शास्त्रज्ञांनी त्या जुन्या नोंदी पुन्हा काढल्या आणि ते कृष्णद्रव्याच्या कणांचे फुटणे तर नव्हते, असा प्रश्न छापून विचारला. पडताळा घ्यायला तेव्हा जागा उरली नव्हती. कोलारमधले प्रयोग १९९२ मध्ये थांबले, २००१ मध्ये खाण बंद झाली आणि खालच्या बोगद्यांत पाणी भरले.